शेजारची ओळ

युनिक्स या संगणकप्रणालीत 'पेस्ट' नावाची एक लहानशी आज्ञा आहे. 'कापा आणि चिकटवा' यातले चिकटवणे ते हे नव्हे. संगणकाच्या काळ्या खिडकीत ही आज्ञा टंकावी, पुढे दोन किंवा अधिक फायलींची नावे द्यावीत, की पहिल्या फाइलची पहिली ओळ आणि दुसऱ्या फाइलची पहिली ओळ एका पंक्तीत येतात, मध्ये टॅबची मोकळी जागा राहते. मग दुसऱ्या ओळी, मग तिसऱ्या, असे शेवटपर्यंत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गॉटफ्रीड ल्युडेरर यांनी ही आज्ञा प्रथम लिहिली. तिची जोडीदार 'कट' ही आज्ञाही त्यांचीच. 'कट' मजकुराचा उभा छेद घेते, 'पेस्ट' उभे स्तंभ शेजारी मांडते. ओळीत काय लिहिले आहे हे ती पाहत नाही. ती फक्त ओळ कुठे संपते एवढे पाहते. मजकूर मराठीत असो, हिब्रूत असो की निव्वळ आकडे असोत, तिला सारखेच.

साहित्याच्या अभ्यासकांनी या आज्ञेकडे पाहावे असे आम्हांस वाटते, ते तिच्या तांत्रिक कौशल्यासाठी नव्हे. दोन मजकूर शेजारी ठेवणे हे आपल्या व्यवसायातले सर्वांत जुने काम आहे. पाठभेद, अनुवादचिकित्सा, मूळ आणि रूपांतर यांची तुलना, सगळे तेथून सुरू होते. मात्र या कामाच्या दोन पूर्वअटी आहेत आणि त्यांचा विचार आपण क्वचितच करतो. एक, दुसरा मजकूर मुळात असायला हवा. दोन, दोन्हींतल्या ओळी एकमेकींना लागल्या पाहिजेत. या दोन अटींचा इतिहास शोधायला फार लांब जायला नको. पुण्याच्या पूर्वेला घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड या दोन तालुक्यांतच तो सापडतो.

पहिली अट शिरूरची.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून कोणी माल घेईना, त्यांची जमीन कोणी कसेना, बलुतेदारांनी त्यांची कामे बंद केली. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या दौंडच्या मुलखात मोडत असे. पुढे काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी तेच घडले. इतिहासाच्या पुस्तकांत यास 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

कारणे सर्वज्ञात आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालात नोंद आहे ती अशी : दंगेखोरांचा हेतू जवळजवळ सर्वत्र कर्जाची खते आणि हुकूमनामे हस्तगत करून नष्ट करणे हा होता, आणि ते कागद निमूटपणे स्वाधीन केले गेले तेथे बहुधा पुढे काही झाले नाही. म्हणजे राग कागदावर होता. जाळण्यासाठी त्यांनी निवडला तो मजकूर.

असे का व्हावे? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते. व्याज बेसुमार साचू नये हा त्यामागचा उद्देश. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुने खत रद्द होऊन नवे लिहिले जाई, आणि नव्या खतात जुने मुद्दल व थकलेले व्याज मिळून एकच मोठे मुद्दल होई. प्रत्येक नवे खत ही जुन्या खताची सुधारून वाढवलेली आवृत्तीच म्हणा ना. कुणब्यापाशी मात्र यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत नसे. किती दिले, कधी दिले, पावती मिळाली की नाही, हे त्याच्या ध्यानात असे; सावकाराच्या वहीत काय होते ते वहीला ठाऊक. न्यायालयात उभा राहिला की त्याच्या बाजूने होती स्मृती आणि समोर होता कागद, आणि न्यायालय कागद वाचत असे. दुसरा स्तंभच नव्हता. शेजारी ठेवायला काही नसेल तर एकच मजकूर सत्य ठरतो. त्यास खोटे ठरवण्याचा मार्ग म्हणजे तो जाळणे. या दंग्यांचा विचार करताना अर्थकारण आणि महसूल यांच्याबरोबरच प्रतीचा हा प्रश्नही पुढे यायला हवा. साहित्याच्या माणसांना तो अधिक चटकन कळेल.

१८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' झाला. त्यातील व्याजाच्या, अटकेच्या, जमीनजप्तीच्या तरतुदी पुष्कळांनी अभ्यासल्या आहेत. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते गावरजिस्ट्राराचे प्रकरण. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त या अधिकाऱ्याने स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा. त्याची नक्कल नोंदवहीत उतरवावी. मूळ दस्त ज्याचा हक्क त्यास द्यावा आणि नक्कल दुसऱ्या पक्षास. शिवाय शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि खातेपुस्तक ठेवण्याचा त्यास अधिकार. एका वाक्यात सांगायचे तर कायद्याने दुसरी फाइल निर्माण केली. ती वाचता न येणाऱ्याच्या हाती ती पडली, हे खरेच. पण निदान दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता येईल असे काहीतरी त्याच्या घरात आले.

प्रतींची जोडी झाली म्हणून लबाडी संपली असे नाही. गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत करून घ्यायचे आणि 'पैसे फेडलेस की जमीन परत' हे वचन तोंडी द्यायचे, अशी पळवाट सावकारीने काढली. दोन्ही प्रती मग अक्षरशः जुळत. नेमकी खरी अट तेवढी दोन्हींत नसे. पुढे न्यायालयास अशा तोंडी कराराचाही पुरावा ऐकता यावा म्हणून कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ओळीस ओळ जुळली म्हणजे मजकूर विश्वासार्ह झाला असे समजणाऱ्या सर्वांनी ही हकिकत लक्षात ठेवावी.

या कायद्याच्या अंमलबजावणीत ज्या एका न्यायाधीशाची हयातीतली काही वर्षे गेली ते महादेव गोविंद रानडे. १८८० च्या दशकात दुय्यम न्यायालयांची तपासणी करीत ते गावोगाव फिरले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या भ्रमंतीचे दर्शन घडते. याच रानड्यांच्या पुण्यात १८८२ साली एक तरुण विधवा आली. संस्कृत पांडित्याबद्दल कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. रानडे पतिपत्नींनी त्यांना साथ दिली, आर्य महिला समाज उभा राहिला. पुढे इंग्लंड, १८८३ चा धर्मस्वीकार, अमेरिका, १८८९ ची शारदा सदनाची स्थापना आणि १८९३ साली त्या सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर आदींचे बाहेर पडणे, हा सगळा इतिहास वाचकांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायका आणून ठेवल्या त्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे. नगरजवळचे केडगाव वेगळे. हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे. तेथील 'मुक्ती' ही संस्था आजही आहे.

दुसरी अट या केडगावची.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्यात गुंतल्या होत्या. ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत त्या छापखान्यातले काम संस्थेतील स्त्रिया करीत. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत दहा दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली आणि दहाव्या दिवशी त्या गेल्या, असे संस्थेच्या परंपरेत सांगितले जाते. संपूर्ण बायबल मूळ भाषांतून एकट्या स्त्रीने अनुवादणे ही जगातही दुर्मीळ गोष्ट. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांचे तसे इंग्रजी भाषांतर १८७६ साली प्रसिद्ध झाले होते. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र रमाबाई येतात त्या 'स्त्रीधर्मनीति'च्या कर्त्या, अमेरिकेच्या प्रवासवर्णनाच्या लेखिका म्हणून. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मराठी ग्रंथ उल्लेखापुरता उरतो. धर्मग्रंथ म्हणून साहित्यिकांनी तो सोडला आणि प्रचलित आवृत्ती नव्हे म्हणून चर्चनेही. आम्हांस हे अन्यायाचे वाटते.

मराठी बायबल तेव्हा नव्हते असे नाही. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी नवा करार १८११ साली मराठीत छापला होता. मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी काम पुढे नेले. एकोणिसाव्या शतकातील सुधारित आवृत्त्यांत बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकांचाही हात होता. रमाबाईंचा आक्षेप त्या भाषेवर होता. संस्कृतप्रचुर शब्दांबरोबर त्या शब्दांचे जुने धार्मिक अर्थही आत शिरतात आणि सामान्य बाईला ते वाचून काही उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे. यातला विरोधाभास दिसतोच. ज्यांना भागवताचे हजारो श्लोक बालपणापासून मुखोद्गत, त्या संस्कृत शब्द गाळत बसल्या होत्या. पण आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर देवळांतून, तीर्थांच्या घाटांवरून केलेल्या पुराणवाचनाचे जे वर्णन केले आहे ते आठवले, की विरोधाभास मावळतो. वाचन संस्कृतात चाले. अर्थ समजला नाही तरी श्रवणाचे पुण्य पदरी पडे, ही सर्वमान्य समजूत. एक स्तंभ होता, दुसरा नव्हता. ज्या मुलीने इतकी वर्षे पहिला स्तंभ म्हणून दाखवला तिने उत्तरायुष्य दुसरा लिहिण्यात घालवले, हे आम्हांस सुसंगतच दिसते. आणि तोही इंग्रजीच्या मध्यस्थीवर विसंबून नव्हे. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ मजकूर स्वतःसमोर ठेवला. करड्याच्या कुणब्याला जे हवे होते तेच हे, दुसऱ्याच्या वहीवर अवलंबून राहावे लागू नये.

अशा कामात ओळी कशा जुळतात? बायबलच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी सुटला आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने 'हेक्साप्ला' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात हिब्रू मजकूर, त्याचे ग्रीक लिपीतले लिप्यंतर आणि चार ग्रीक भाषांतरे असे सहा स्तंभ शेजारी शेजारी होते. 'पेस्ट'ला सहा फायली दिल्यासारखेच. ओरिजेनने ओळी इतक्या तोकड्या ठेवल्या की एका ओळीत एखाददुसराच शब्द यावा. पुढे तेराव्या शतकात अध्याय पडले आणि १५५१ साली रोबेर एत्येन या मुद्रकाने नव्या कराराला वचनांचे क्रमांक दिले. तेव्हापासून कोणत्याही भाषेतले कोणतेही भाषांतर घ्या, नववा अध्याय, त्रेचाळिसावे वचन म्हटले की बोट त्याच ठिकाणी पडते.

आपल्याकडे असे क्रमांक वरून मिळाले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत ओव्यांची संख्याच सारखी नाही. एकनाथांनी १५८४ साली प्रती मिळवून ग्रंथ शुद्ध केला, राजवाड्यांनी १९०९ साली वेगळीच प्रत छापून वाद उभा केला, आणि या दोहोंच्या अठराव्या अध्यायाच्या फायली कोणी डोळे झाकून 'पेस्ट'ला दिल्या तर थोड्याच ओव्यांनंतर शेजारणी परक्या होतील. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तेथे सुकथनकरांनी ओळीवरही भरवसा ठेवला नाही. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या रांगेत प्रचलित संहितेचा श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर; खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक रांग आणि भेद असेल तेथेच ते अक्षर. एक श्लोक वगळणाऱ्या हस्तलिखिताची रांग त्या कागदावर कोरी राही, पण पुढच्या श्लोकाचा कागद त्यामुळे बिघडत नसे. हा शहाणपणा 'पेस्ट'पाशी नाही.

तो नसल्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. रमाबाईंच्या ग्रंथाकडे वळण्याआधी हात बसावा म्हणून आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय दोन मराठी भाषांतरांतून टंकून घेतला, एक जुने, एक अलीकडचे. प्रत्येक वचन एका ओळीत. क्रमांक गाळले, कारण ते वाचनाच्या आड येतात असे आमच्यापैकी एकाचे मत पडले. मग 'पेस्ट'. दोन स्तंभांमध्ये टॅबऐवजी दंड घालण्याचा मोह आधी झाला होता. पण या आज्ञेच्या जुन्या आवृत्त्या जोडचिन्ह एकाच बाइटचे धरतात. देवनागरी दंडाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. परिणामी दंडाचे तुकडे होऊन पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या लेंड्या पडल्या. टॅबवर समाधान मानले.

अध्यायाच्या शेवटाकडे अलीकडच्या अनुवादकाने भलतेच स्वातंत्र्य घेतलेले दिसले. जुन्या भाषांतरात जेथे न विझणाऱ्या अग्नीचे पालुपद, तेथे नव्यात पायाविषयीचा दृष्टान्त. पुढे डोळ्याच्या जागी भलतेच काही. आम्ही त्यावर अर्धे पान लिहिले. 'पुनरुक्तीचा त्याग करून आशयाची गती वाढवणे' असा एक वाक्प्रयोगही त्यात होता आणि तो आम्हांस आवडलाही होता. मग शेवटच्या दोन पंक्तींकडे लक्ष गेले : डावीकडे मजकूर, उजवीकडे रिकामे. ओळी मोजल्या. एका फाइलमध्ये ५०, दुसरीत ४८.

उलगडा सोपा होता. एकोणिसाव्या शतकात ग्रीक संहितेची चिकित्सा झाली तेव्हा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या अध्यायाची ४४ आणि ४६ ही वचने नाहीत असे दिसले. ती ४८ व्या वचनाची पुनरावृत्ती आहेत. १८८१ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीपासून अनेक भाषांतरे ती गाळतात आणि क्रमांक मात्र तसेच ठेवून पुढे जातात. आम्ही क्रमांक टाकून दिले होते. मजकूर हरवला होता मध्ये, पोकळी दिसली शेवटी. कमी ओळींची फाइल संपली की 'पेस्ट' उरलेल्या जागा कोऱ्या सोडते. गळती कोठे झाली हे ती सांगू शकत नाही. मधल्या पाच पंक्तींत तिने परक्या ओळी शेजारी बसवल्या होत्या, आणि शेजारी बसवलेल्या कोणत्याही दोन ओळींत अर्थ शोधण्याची आमची सवय तिच्या मदतीला धावली होती. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात हा प्रयोग जरूर करावा.

क्रमांक परत घातले आणि 'जॉइन' ही दुसरी आज्ञा वापरली. ती ओळींची जागा पाहत नाही, प्रत्येक ओळीच्या आरंभीची खूण पाहते. ज्यांची खूण सारखी त्या ओळी जोडते. दोन्ही फायली त्या खुणेनुसार क्रमवार लावलेल्या असाव्यात अशी तिची अट आहे, आणि तिचा क्रम अक्षरांचा असतो. त्या हिशेबाने २ च्या आधी १० येतात. म्हणून ०१, ०२ असे लिहिले. या वेळी पंक्ती बिनचूक जुळल्या. हाताशेजारी हात, पायाशेजारी पाय, डोळ्याशेजारी डोळा.

पण एकूण पंक्ती आल्या ४८. ४४ आणि ४६ दोन्ही बाजूंनी नाहीशा झाल्या होत्या, जुन्या भाषांतरात त्या असूनही. ज्या ओळीला जोडीदार नाही ती 'जॉइन' काही न बोलता गाळते. सावकाराच्या वहीशी ज्याचे काही जुळत नसे त्या कुणब्याची तोंडी हकिकत न्यायालय गाळी, तशीच. 'पेस्ट'ने निदान शेवटी कोरी जागा दाखवली होती. 'जॉइन'ला एक जादा खूण द्यावी लागते : पहिल्या फाइलमधल्या बिनजोडीच्या ओळीही छाप. ती दिल्यावर पन्नास पंक्ती आल्या, आणि ४४ व ४६ या आकड्यांपुढे डावीकडे मजकूर होता, उजवीकडे कोरी जागा. लिहिलेले अर्धे पान आम्ही पुसून टाकले, आणि रमाबाईंच्या छापील प्रतीवरून तोच अध्याय टंकायला घेतला, या वेळी क्रमांकांसह.